भामरागड–अहेरी विजेची विनापायलट हवाई टॅक्सी: जमिनीवर काय काय लागेल?

पारा_४७

मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून उडणाऱ्या टॅक्सीवर बरंच बोलून झालंय. इथे विदर्भातल्या खेड्यांपुरतंच बोलू आणि आकड्यांत बोलू.

मार्ग दोन. एक, भामरागड ते अहेरी, सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर आलं की भामरागडचा रस्ता बंद. दुसरा, धारणी ते परतवाडा, सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर, मध्ये मेळघाटचे डोंगर.

यंत्र असं धरा: चार-पाच आसनांचं, स्थिर पंख असलेलं, सहा विजेचे रोटर, एकूण वजन २२०० किलो, बॅटरी १५० युनिटची. असल्या यंत्राच्या माहितीपत्रकात पल्ला दीडशे किलोमीटर लिहिलेला असतो. त्यातले आपल्याकडे किती उरतात? आणि पायलट काढला तर जमिनीवर किती माणसं वाढतात?

चकतीभार

हिशेब घ्या. मे महिन्यात पारा ४७ वर असताना चंद्रपूर-अहेरी पट्ट्यात हवेची घनता घनमीटरला साधारण १.०८ किलो असते. प्रमाण हवा, म्हणजे समुद्रसपाटीवर १५ अंशांना, १.२२५. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अहेरीचं पॅड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, महाबळेश्वरच्या उंचीला.

सहा रोटरचं मिळून क्षेत्रफळ ४० चौरस मीटर धरलं आणि रोटर, मोटर, इन्व्हर्टर यांची एकत्र कार्यक्षमता ६५ टक्के, तर जागेवर तरंगायला प्रमाण हवेत ४९० किलोवॉट लागतात, मेच्या दुपारी ५२५. मिनिटाला पावणेनऊ युनिट. उड्डाण आणि उतरणं मिळून दोन मिनिटं तरंगणं धरा, १८ युनिट गेले.

पंखांवर पुढे जाताना हेच यंत्र ताशी २०० च्या वेगाने १६० किलोवॉटवर चालतं. ६० किलोमीटरला १८ मिनिटं, ४८ युनिट. उतरताना पॅडवर बैल उभा आहे म्हणून पुन्हा वर जावं लागलं तर आणखी मिनिटभर, ९ युनिट. दिवसा, नजरेच्या नियमांनी उडणाऱ्या हेलिकॉप्टरला २० मिनिटांचं राखीव इंधन ठेवावं लागतं. तेच इथे लावलं तर ५३ युनिट.

बेरीज १२८.

आता बॅटरीकडे बघा. तळाचे १५ टक्के वापरायचे नाहीत. कारण उतरताना ५२५ किलोवॉट ओढायचे असतात आणि रिकामी होत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज त्या ओढीने कोसळतो. मीटरवर चार्ज दिसतो, ताकद नसते. म्हणजे १५० पैकी १२७. नव्या कोऱ्या बॅटरीवर हा मार्ग एका युनिटने नापास होतो. बॅटरी ८० टक्क्यांवर आली की वापरायला १०२ च उरतात.

धारणीकर

म्हणजे पत्रकातले दीडशे किलोमीटर कुठी गेले राजेहो?

चकतीभार

ते खोटे नसतात. नवी बॅटरी, थंड हवा, वारा शून्य, कमीत कमी तरंगणं, राखीव वेगळं. त्यातली एकही अट आपल्याकडे पुरी होत नाही.

उपाय एकच, वाटेत पर्यायी पॅड. आलापल्ली–भामरागड रस्त्यावर पेरमिलीला एक साधं पॅड ठेवलं आणि नियमाने मान्य केलं तर राखीव २० वरून १० मिनिटांवर आणता येतं, २७ युनिट. बेरीज १०२ होते. भामरागडहून अहेरी पश्चिमेला आहे आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. ताशी ३० चा समोरचा वारा धरला तर वेग १७०, आठ युनिट वाढले, ११०. म्हणून बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत घासत न बसता ९० टक्क्यांवरच काढून घ्यायची. तेव्हा ११५ मिळतात. काढलेली बॅटरी जमिनीवरच्या साठ्याला चालते, वाया जात नाही.

पारा_४७

एक खोट काढतो. ४७ चा पारा आणि पश्चिमेचा मोसमी वारा एका दिवशी येत नाहीत. दोन्ही एकत्र का मोजले?

चकतीभार

बरोबर आहे, पण फरक थोडा पडतो. पावसाळी हवेत तरंगायचे १८ चे सतरा होतील. वारा मात्र खरोखर आठ युनिट खातो. उन्हाचा खरा मार उड्डाणात नाही, चार्जिंगला बसतो.

फीडरवाला

तेच सांगायला आलो.

उड्डाण संपलं तेव्हा बॅटरीच्या सेलचं तापमान ५० च्या वर असतं. बाहेर ४५. नुसता पंखा आणि रेडिएटर लावून ती ४५ च्या खाली कधीच येणार नाही, आणि गरम सेलमध्ये जोरात चार्ज ढकलला की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून जमिनीवर वेगळा चिलर लागतो. त्याचा थंड द्रव चार्जिंगच्या वायरीसोबतच्या नळ्यांमधून बॅटरीत फिरवायचा. अमेरिकेतल्या जोबी या हवाई टॅक्सी कंपनीने तिच्या चार्जरमध्ये हीच सोय ठेवली आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं निव्वळ थंड करण्यात जातात. पॅडशेजारी पत्र्याचं उंच छत हवंच. उन्हात उभ्या यंत्राच्या केबिनमध्ये साठच्या वर पारा जातो.

आता वीज. एका फेरीला ६६ युनिट खर्च, चार्जरमधली गळती धरून लाइनवरून ७२. चाळीस मिनिटांत भरायचे तर १०८ किलोवॉट, वर चिलर, दिवे, पंप. ६३ किंवा १०० ची डीपी बसत नाही, २०० केव्हीएची स्वतंत्र लागेल. डीपीपेक्षा मोठी अडचण लाइनच्या शेपटीची आहे. ११ केव्हीच्या लांब फीडरच्या टोकाला व्होल्टेज ४१५ चा ३५० होतो आणि त्या व्होल्टेजला चार्जर स्वतःच बंद पडतो. कृषी फीडरवर तर विचारच नको, तिथे आठ तासांचं वेळापत्रक आणि तेही आलटून-पालटून दिवस-रात्र.

म्हणून भामरागडला थेट लाइनवरून चार्ज करायचं मनातून काढून टाका. २०० युनिटचा जमिनीवरचा एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटऱ्यांचा साठा ठेवायचा, तो ३०-४० किलोवॉटने सावकाश भरत राहायचा. मग १०० ची डीपी पुरते. वर ५० किलोवॉटचं सोलर टाकलं तर चांगल्या उन्हात दिवसाला दोनशे युनिटच्या आसपास मिळतात. पावसाळ्यात मात्र, म्हणजे ज्या दिवसांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच दिवसांत सोलर एक-तृतीयांशावर येतं आणि झाड पडून लाइन दोन-दोन दिवस बंद असते. साठ्यात फेऱ्या किती? दोन, ओढूनताणून पावणेतीन. पुढे डिझेल जनरेटर. लिटरला सव्वातीन युनिट धरा, एका फेरीला बावीस लिटर. विजेचं विमान डिझेलवर चालवतो म्हणून कोणी हसेल, पण डिझेलचे चार ड्रम पावसाळ्याआधी भरून ठेवावेच लागतील.

सातबारा

जमिनीचं कोणी बोललं नाही, आणि पहिला दगड तिथेच लागतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०२२ साली हवाई टॅक्सीच्या तळासाठी मापं दिली. यंत्राची सगळ्यात मोठी लांबी एक पट धरली तर टेकायची जागा एक पट, उतरण्या-उडण्याची मोकळी जागा दोन पट, सुरक्षेची तीन पट. आपल्या डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाचं, व्हर्टिपोर्टबद्दलचं मार्गदर्शक परिपत्रक २०२४ चं आहे, तळ मंजूर करायचा तो त्याप्रमाणे. यंत्र १५ मीटरचं धरा, ४५ बाय ४५, म्हणजे २०२५ चौरस मीटर. बरोब्बर वीस गुंठे. त्यात चार्जर, छत, टाकी धरलेलं नाही. एक एकर मागा.

आता ही एकर कुठून आणणार? गावाला लागून मोकळी दिसते ती जागा एकतर ई-क्लास (सरकारी गायरान) असते, नाहीतर झुडपी जंगल. झुडपी जंगलाची जमीन १९८० च्या कायद्याखाली वनजमीनच धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ठरवलं आहे. म्हणजे केंद्राची परवानगी. वर भामरागड आणि धारणी दोन्ही अनुसूचित क्षेत्रात, ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू. ग्रामसभेला वगळून एक कुदळही मारता येणार नाही, आणि मारूही नये.

एक वाट आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत ही अट. या यादीत विमानतळ नाही, दवाखाना आहे. पॅड ग्रामीण रुग्णालयाचा भाग म्हणून मांडलं तर प्रस्ताव उभा राहू शकतो. 'टॅक्सी स्टँड' म्हणून मांडलं तर तालुक्यातूनच परत येईल.

मुरूमदादा

जागा मिळाली तर बांधायचं कसं, ते घ्या.

डांबर नको. मेमध्ये मऊ पडतं, पाय रुततात, आणि सुटलेली गिट्टी रोटरमध्ये जाते. काँक्रीटच. अहेरीकडे जमीन बरी, पण वऱ्हाडात काळ्या मातीवर थेट स्लॅब टाकला तर दोन पावसाळ्यांत तडे गेलेले दिसतील. ती माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीटर-सव्वामीटर खोदून माती काढायची, थराथराने मुरूम भरून रोलर, पाणी, रोलर. वर सोलिंग, मग एम-३० दर्जाच्या काँक्रीटचा स्लॅब दोन्ही दिशांनी सळई घालून. उतार दोन टक्क्यांपेक्षा कमी आणि चारी बाजूंनी नाली, पाणी स्लॅबखाली शिरता कामा नये.

येण्या-जाण्याच्या दिशेला आठास एक असा उतार मोकळा लागतो. सात मीटरचा विजेचा खांब मोकळ्या जागेच्या कडेपासून ५६ मीटर लांब हवा. पंधरा मीटरचं मोहाचं झाड असेल तर १२०. मोह कोणी तोडू देणार नाही, तेव्हा पॅडच फिरवा.

आणि वारा. चकतीभार भाऊंच्या आकड्यांवरून खाली ढकललेली हवा किती जोराची येते?

चकतीभार

रोटरखाली सेकंदाला सोळा मीटर, पुढे खाली जाताना दुप्पट. ताशी ११४ किलोमीटरच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या एका रोटरच्या हेलिकॉप्टरचा हाच आकडा ७८ येतो, कारण त्याची चकती, म्हणजे रोटर फिरताना व्यापतो ते वर्तुळ, दुपटीहून मोठी. आवाज कमी म्हणून ही यंत्रं नाजूक समजू नका. आवाज नसल्याने माणसं उलट जवळ येतात.

मुरूमदादा

मग साठ मीटरच्या आतल्या टिनाच्या छपरांना जे-हूक आणि वर पट्टी, नाहीतर टिनं उडतील. मंत्र्याच्या हेलिपॅडवर टँकरने पाणी मारतात तसं रोज मारणं शक्य नाही, म्हणून स्लॅबभोवती दहा-पंधरा मीटर गवत लावा, तेही कापून ठेवलेलं. वाळत घातलेला कापूस किंवा धानाचे पुंजणे जवळपास नको.

सिस्टर_मेळघाट

वजनाचं मी सांगते, कारण सगळे 'पेशंट नेऊ' म्हणतात आणि पेशंट आडवा असतो हे विसरतात.

दोन आसनांचं चिनी यंत्र, ज्याला विनापायलट प्रवासी उड्डाणाचं प्रमाणपत्र आहे, ते २२० किलो उचलतं. बाळंतीण ५५, सिस्टर ६०, एक नातेवाईक ६०, बी-टाइप ऑक्सिजन सिलेंडर पंधरा-सोळा, मॉनिटर, सक्शन आणि बॅग मिळून दहा. बेरीज दोनशेला लागली, आणि तरी स्ट्रेचरला जागाच नाही, दोन माणसं शेजारी-शेजारी बसायची खुर्ची आहे ती. रक्तस्राव होणाऱ्या बाईला बसवून न्यायचं नसतं. पल्लाही ३० किलोमीटरचा, धारणीहून वाटेतलं सेमाडोहसुद्धा गाठता येणार नाही.

चार आसनांच्यात स्ट्रेचर दोन आसनं खातं, उरतात दोन, सिस्टर आणि नातेवाईक. पायलट नसण्याचा फायदा इथे खरा आहे, नाहीतर नातेवाईक खाली राहतो. पण झटका आला तर सिस्टरने 'थांब' कोणाला म्हणायचं? आतमध्ये एकच मोठं बटण हवं, 'जवळच्या पॅडवर उतर', आणि नियंत्रण कक्षातल्या कोरकू-माडिया समजणाऱ्या माणसाशी बोलणं.

माझं मत, पहिली दोन वर्षं माणूस नेऊच नका. रक्ताची पिशवी न्या. परतवाड्याहून धारणीला चार पिशव्या आणि आइस पॅक मिळून पाच किलोचा डबा. आत तापमान दहाच्या वर जाता कामा नये. त्याला २२०० किलोचं यंत्र लागत नाही, पंखांचा लहान ड्रोन पुरतो. तेलंगणात विकाराबादला २०२१ मध्ये औषधांचं असं करून पाहिलं आहे.

धारणीकर

ताई, रक्त आणलं तं चढवाले डॉक्टर पायजे ना. तो नसते म्हणून तं पेशंट हलवा लागते.

सिस्टर_मेळघाट

भाऊ, रक्ताविना हलवलेली बाई वाटेत जाते. रक्त चढवून हलवलेली पोचते. दोन्ही लागतं, आधी कोणतं एवढंच म्हणते आहे.

नियमावली

ज्या चिनी यंत्राचा उल्लेख झाला ते ईहँग २१६-एस. त्याला चीनच्या प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये टाइप सर्टिफिकेट, म्हणजे यंत्राच्या रचनेला मान्यता, दिलं आणि मार्च २०२५ मध्ये ते चालवणाऱ्या दोन कंपन्यांना उड्डाणसेवा चालवण्याचे परवाने. जोबी, आर्चर पायलटवाली आहेत. जर्मनीच्या लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोघांनी २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा यंत्र विकत घेताना सुटे भाग दहा वर्षं कोण देणार हे करारात लिहून घ्या.

भारतात गोंधळ एका आकड्याचा होतो. ड्रोन नियम २०२१ हे ५०० किलोपर्यंतच्या यंत्रांना लागू. 'ड्रोन टॅक्सी' त्यात बसते म्हणून लोक खूश झाले, पण ईहँगचंच पूर्ण भरलेलं वजन ६२० किलो आहे. त्यापुढचं सगळं विमानाच्या नियमांत येतं आणि १ जानेवारी २०२५ पासून मूळ कायदा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आहे. म्हणजे टाइप सर्टिफिकेट, सेवा चालवण्याचा परवाना, तळाची मंजुरी, सगळं विमानासारखं. चेन्नईची ईप्लेन कंपनी टाइप सर्टिफिकेटच्या वाटेवर आहे, पण पायलटसह. प्रवासी घेऊन विनापायलट उडायचा परवाना आज भारतात कोणाकडेच नाही.

क्रम म्हणून असा: मालवाहू ड्रोन, मग पायलटसह मोठं यंत्र, मग तेच यंत्र स्वयंचलित पण पायलट आत बसलेला, आणि शेवटी तो जमिनीवर. शेवटच्या पायरीला घाई करणाऱ्याला पैसे देऊ नका.

टॉवरखाली

पायलट जमिनीवर म्हणजे काय, तर तो दांडा धरून उडवत नाही. यंत्र स्वतः उडतं. तो चारच आज्ञा देतो: पुढे जा, परत फिर, पर्यायी पॅडवर जा, आहे तिथे उतर. त्या आज्ञा पोचायला दुवा लागतो.

मोबाइलच्या टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, सिग्नल रस्त्यावर आणि घरात पडावा म्हणून. तीनशे मीटर उंचीवर मुख्य झोत मिळत नाही, बाजूचे तुकडे मिळतात, आणि एकाच वेळी दहा टॉवर दिसतात. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो. भामरागडच्या जंगलात तर मुळात टॉवरच विरळ. म्हणून दोन दुवे: उपग्रहाचा एल-बँड, आणि पॅडपासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत स्वतःचा रेडिओ. दोन्ही तुटले तर काय, हे उडण्याआधीच यंत्रात लिहिलेलं हवं. अर्ध्या वाटेच्या अलीकडे असेल तर परत, पलीकडे असेल तर पुढे. 'आहे तिथे उतर' हे आपोआप कधीच नको, खाली इंद्रावती असू शकते.

जागा ओळखायला गगन ही भारताची उपग्रह प्रणाली आहे, विमानांना उतरण्यासाठी २०१५ पासून प्रमाणित, पण ती अचूकता मीटरमध्ये. शेवटचे तीस मीटर पॅडवरच्या आरटीके स्टेशनवर (ते उपग्रहाची चूक सेंटीमीटरपर्यंत दुरुस्त करतं) आणि कॅमेऱ्यावर उतरायचं. कॅमेऱ्याचे शत्रू दोन, धूळ आणि किडे. पावसाळ्यात संध्याकाळी पॅडचे दिवे लावले की पाखरांचा थर बसतो, काच आणि दिवा दोन्ही झाकतो. दिवे उतरण्याच्या पाच मिनिटं आधीच लावायचे आणि काच पुसायला माणूस ठेवायचा.

तारा वेगळंच दुखणं. ११ केव्हीची तार कॅमेऱ्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यामुळे नकाशात प्रत्येक खांब हवा आणि महिन्यातून एकदा लहान ड्रोनने मार्ग तपासायचा. गावात नवा खांब रोवला की त्याच दिवशी कळवायचं काम लाइनमनकडे द्या, त्याच्याआधी कोणालाच कळत नाही. गडचिरोलीत पोलिसांची हेलिकॉप्टरंही खालून जातात, त्यांच्या कक्षाला प्रत्येक उड्डाण आधी कळवावं लागेल.

पारा_४७

मग माणसं किती?

टॉवरखाली

प्रत्येक पॅडवर एका पाळीत दोन: एक चार्जर आणि बॅटरी, दुसरा कुंपण, वजनकाटा, आग. दूर बसणारा एक, सुरुवातीला एका यंत्राला एक. हवामानाला कोणी नको, पण प्रत्येक पॅडवर वाऱ्याचं यंत्र, ढगांची उंची मोजणारं यंत्र आणि चार कॅमेरे हवेत. नागपूर विमानतळाचं हवामान भामरागडला लागू पडत नाही.

फीडरवाला

आगीच्या माणसाला एक सांगून ठेवा. लिथियमची बॅटरी फोमने विझत नाही. धो-धो पाणी मारून थंड करायची, आणि विझली असं वाटल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकते. दहा हजार लिटरची टाकी, आणि जळकं यंत्र ओढून न्यायला इमारतीपासून पंधरा मीटर तरी लांब मोकळी जागा. रुग्णालयाच्या ऑक्सिजनच्या खोलीशेजारी पॅड मांडलेला नकाशा आला तर तिथेच फाडा.

धारणीकर

पेरमिलीचं साधं पॅड म्हणता. समजा तिथीच उतरलं, चार्जर नाही. मंग ते वरत कोण आणते?

फीडरवाला

चांगला प्रश्न, आणि पेरमिलीच्या पॅडची खरी किंमत तीच. अहेरीला एक ट्रेलर ठेवावा लागेल, ८० युनिटची बॅटरी आणि ४० किलोवॉटचा चार्जर. दोन तासांत परत उडण्यापुरतं भरतो. ट्रेलर वजनाने दीड टन, ट्रॅक्टरला जोडता येतो. पण पुराच्या दिवशी अहेरी-पेरमिली रस्त्यावरचे नालेही भरलेले असतात, म्हणून ट्रेलर जूनमध्येच पेरमिलीला नेऊन ठेवा आणि ऑक्टोबरला परत आणा. आठवड्यातून एकदा गावठाण फीडरवरून भरायचा, सिंगल फेजवरही रात्रभरात होतो. वायरीला उंदीर लागतात, तेवढं पत्र्याच्या पेटीत ठेवा.